सर्व्हर सामायिक, क्वेरी कुणाची?

"रॅम दुप्पट केली. आठवडाभर छान चाललं, मग पहिले पाढे पंचावन्न." "अकरा वाजले की फी भरण्याची खिडकी ठप्प होते. फीचं सॉफ्टवेअर करणारे म्हणतात आमचं काही नाही, ग्रंथालयवाले म्हणतात आमचं तर मुळीच नाही." "होस्टिंग कंपनी सांगते की तुमच्या क्वेऱ्या जड आहेत. कुठल्या, ते मात्र सांगत नाही."

एकाच डेटाबेस सर्व्हरवर चार-पाच सॉफ्टवेअर चालवणाऱ्या महाविद्यालयांत, पतसंस्थांत, रुग्णालयांत आणि छोट्या कंपन्यांत हे तीन प्रश्न फिरून फिरून येतात. तिन्हींमागचा गोंधळ एकच असतो. सर्व्हर मंदावला की लोक सगळ्यात जास्त वेळ घेणारी क्वेरी शोधतात आणि तिलाच दोषी धरतात. सामायिक सर्व्हरवर हा न्याय बऱ्याचदा चुकतो, कारण तिथे क्वेरीला लागलेला वेळ शेजाऱ्यांवरही अवलंबून असतो. शेजाऱ्याने डिस्क अडवून ठेवली, तर तुमची साधी क्वेरीही रखडते आणि मंद क्वेऱ्यांच्या यादीत तिचंच नाव येतं. त्या यादीत आरोपी असतात तसे बळीही असतात. दोघांना वेगळं कसं काढायचं, ते इथे क्रमाने पाहू.

उदाहरणं मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेसची आहेत. आज्ञा आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची. सेटिंग आणि टेबलांच्या नावांत शब्दांमध्ये अंडरस्कोर द्यायचा.

आधी पाहा, डेटाबेसच मंद आहे का

लिनक्स सर्व्हरवर 'टॉप' ही आज्ञा चालवून दोन मिनिटं नुसतं पाहत बसा. तक्रार येत असते त्याच वेळी पाहा. दुपारी चारला सगळं निवांत असताना पाहून उपयोग नाही.

- डेटाबेसची प्रक्रिया सगळ्यात वर, सीपीयू भरलेला: कुणीतरी भरमसाट ओळी तपासतंय किंवा त्यांची क्रमवारी लावतंय.
- सीपीयूला काम नाही, पण 'डब्ल्यूए'चा आकडा चढलेला: हा डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ. मेमरीत न मावणारा डेटा बहुधा पुन्हा पुन्हा वाचला जातोय.
- दोन्ही शांत, तरी कामं अडलेली: रांग लागली आहे. एकतर कुणी लॉक धरून बसलंय, नाहीतर जोडण्या संपल्या आहेत. एका वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा मायएसक्यूएलमध्ये १५१ आणि पोस्टग्रेसमध्ये १०० असते.
- डेटाबेस शांत, दुसरंच काही वर: बॅकअप, व्हायरस तपासणी, वेब सर्व्हर. अशा वेळी क्वेऱ्या शोधण्यात दिवस घालवू नका.

सबमीटर बसवा

अख्ख्या इमारतीला एकच मीटर असेल तर वीजबिलावरून फक्त भांडणं होतात. वीज कुणी जाळली ते कळत नाही. कित्येक ठिकाणी सगळी सॉफ्टवेअर 'रूट' या एकाच खात्याने डेटाबेसमध्ये शिरतात. तीही एका मीटरचीच इमारत. पुढे कितीही चांगलं साधन वापरलंत तरी उत्तर एकच येणार: 'रूट'ने केलं. म्हणून शोध सुरू करण्याआधी एवढं करा.

१. प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं खातं द्या, आणि शक्य असेल तर वेगळा डेटाबेस.
२. रोजचे रिपोर्ट, बॅकअप आणि माणसांनी हाताने चालवायच्या क्वेऱ्या यांचीही खाती वेगळी ठेवा. सर्वाधिक आश्चर्याचे धक्के याच तिघांकडून बसतात.
३. पोस्टग्रेस वापरत असाल तर जोडणी करताना 'अॅप्लिकेशन नेम' भरायला सांगा. लॉगच्या ओळीच्या सुरुवातीला मुळात फक्त वेळ आणि प्रक्रियेचा क्रमांक असतो. 'लॉग लाइन प्रिफिक्स' या सेटिंगमध्ये खातं, डेटाबेस आणि अॅप्लिकेशनचं नाव जोडून घ्या.
४. प्रोग्रॅमर तुमचाच असेल तर क्वेरीतच छोटी टिप्पणी घालायला सांगा: कोणता रिपोर्ट, कोणतं पान. चालू क्वेऱ्यांच्या यादीत ती दिसते आणि शोधाचे दोन तास वाचतात.

यासाठी सगळं एका रात्रीत बदलावं लागत नाही. नवी खाती तयार करा आणि एकेक सॉफ्टवेअर त्यावर हलवा. शेवटचं हलेपर्यंत जुनं खातं चालू राहू द्या.

आत्ता, या क्षणी काय चाललंय

सर्व्हर मंदावलेला असतानाच पाहायची ही गोष्ट.

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी: 'शो फुल प्रोसेसलिस्ट'. यातला 'फुल' विसरू नका. तो नसेल तर प्रत्येक क्वेरीची पहिली १०० अक्षरंच दिसतात, आणि क्वेरीचं मर्म बहुधा शेवटी असतं. यादीत हे वाचा:

- यूजर आणि डीबी: कोणतं खातं, कोणता डेटाबेस. सबमीटर इथे कामी येतात.
- टाइम: सध्याच्या स्थितीत किती सेकंद गेले.
- स्टेट: सध्या काय करतेय. 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' दिसलं तर ती क्वेरी काम करत नसून वाट पाहतेय.
- कमांडमध्ये 'स्लीप': जोडणी उघडी आहे, क्वेरी चालू नाही. बहुतेक वेळा ही निरुपद्रवी असते. मात्र हिने व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्धवट उघडा ठेवला असेल तर हीच सगळ्यांना अडवते. त्याबद्दल पुढे येईलच.

पोस्टग्रेस: 'पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटी' या दृश्यातून (व्ह्यूमधून) खातं, अॅप्लिकेशनचं नाव, स्थिती, क्वेरी कधी सुरू झाली, व्यवहार कधी सुरू झाला आणि ती कशाची वाट पाहतेय, हे सगळं काढता येतं. क्वेरीचा मजकूर इथे मुळात १०२४ बाइटपर्यंतच साठतो. लांबलचक क्वेऱ्या असतील तर 'ट्रॅक अॅक्टिव्हिटी क्वेरी साइज' वाढवा. त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

एकदा पाहून निष्कर्ष काढू नका. दहा-दहा सेकंदांनी तीन-चार वेळा यादी घेऊन फाइलमध्ये ठेवा. एकच क्वेरी सगळ्या याद्यांत असेल तर ती लांबलेली आहे. एकाच साच्याच्या पण दर वेळी नव्या क्वेऱ्या दिसत असतील, तर कुणीतरी त्यांचा मारा करतंय. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे असतात.

होऊन गेलेल्याचा मागोवा: स्लो क्वेरी लॉग

रात्री दोन वाजता काय झालं हे सकाळी पाहायचं असेल तर लॉग हवा. मायएसक्यूएलमध्ये तो मुळात बंद असतो. चालू केला तरी त्याचा उंबरठा, म्हणजे 'लाँग क्वेरी टाइम', १० सेकंदांचा असतो. फी भरणारा विद्यार्थी ९ सेकंद ताटकळला, तर लॉगच्या लेखी काहीच घडलेलं नसतं.

क्रम असा ठेवा:

१. 'स्लो क्वेरी लॉग' चालू करा. सर्व्हर बंद करावा लागत नाही.
२. उंबरठा १ सेकंदावर आणा. दोन-तीन दिवसांनी ०.५ किंवा त्याखाली, अपूर्णांक चालतात.
३. गर्दीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं उंबरठा शून्य करा. मग प्रत्येक क्वेरी नोंदली जाते आणि खरं चित्र दिसतं. ही फाइल भराभर फुगते. डिस्कवर जागा आहे का ते आधी पाहा, आणि उंबरठा परत वर नेण्याची आठवण गजर लावून ठेवा.
४. जमलेली फाइल वाचत बसू नका. मायएसक्यूएलसोबत येणारं 'मायएसक्यूएल डंप स्लो' किंवा पर्कोना टूलकिटमधलं 'पीटी क्वेरी डायजेस्ट' एका साच्याच्या क्वेऱ्या एकत्र करून बेरीज मांडतं.

पोस्टग्रेसमध्ये हेच काम 'लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट' करतं. त्यातला आकडा मिलिसेकंदांचा असतो, आणि मूळ किंमत उणे १ म्हणजे बंद. एक सेकंदासाठी १००० लिहा. १ लिहिलंत तर लॉगचा पूर येईल.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

- उंबरठा बदलला पण लॉग रिकामाच: मायएसक्यूएलमध्ये नवा उंबरठा नव्या जोडण्यांनाच लागू होतो. सॉफ्टवेअरच्या जोडण्या दिवसभर उघड्या राहत असतील तर त्या जुन्याच आकड्यावर चालतात. ते सॉफ्टवेअर एकदा बंद करून सुरू करा.
- सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि सेटिंग गेलं: चालू सर्व्हरवर केलेला बदल टिकत नाही. तो कॉन्फिगरेशन फाइलमध्येही लिहा.
- ओळींच्या क्रमावरून तर्क: क्वेरी संपल्यावर आणि तिचे लॉक सुटल्यावर नोंद होते. लॉगमध्ये आधी दिसलेली क्वेरी आधी सुरू झाली असेलच असं नाही. आणि जी अजून संपलीच नाही, ती लॉगमध्ये नसते.
- इंडेक्स न वापरणाऱ्या सगळ्या क्वेऱ्यांची नोंद: तशी सोय आहे, पण वीस ओळींच्या टेबलवरच्या क्वेऱ्याही त्यात येतात आणि कामाचं हरवून जातं. वापरायचीच असेल तर किमान किती ओळी तपासल्या तर नोंद करायची, ती मर्यादाही सोबत लावा.

बेरीज करा: गिझर आणि पंखा

दोन हजार वॉटचा गिझर पाव तास चालला तर अर्धं युनिट जळतं. पंचाहत्तर वॉटचा पंखा दिवसरात्र चालला तर १.८ युनिट. नजरेत गिझर भरतो, बिल पंखा वाढवतो.

क्वेऱ्यांचंही तसंच आहे. समजा, प्राचार्यांचा रिपोर्ट दिवसातून एकदा ४० सेकंद घेतो. त्याच सर्व्हरवर हजेरीचं सॉफ्टवेअर ०.०५ सेकंदांची एक क्वेरी दिवसात २ लाख वेळा चालवतं. रिपोर्टचा हिशेब ४० सेकंदांचा, तर हजेरीचा १०,००० सेकंदांचा, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. एक सेकंदाचा उंबरठा असलेल्या लॉगमध्ये हजेरीची क्वेरी कधीच दिसणार नाही, आणि बैठकीत बोलणी प्राचार्यांचा रिपोर्ट खाईल. म्हणून 'एकेका वेळी किती'पेक्षा 'एकूण किती' हा स्तंभ आधी पाहायचा.

ही बेरीज सर्व्हर स्वतः ठेवतो:

- मायएसक्यूएल: ५.७ पासून 'सिस' हा डेटाबेस सोबत येतो. त्यातलं 'स्टेटमेंट अॅनालिसिस' हे दृश्य प्रत्येक साच्याची क्वेरी किती वेळा चालली, एकूण किती वेळ गेला, किती ओळी तपासल्या आणि किती दिल्या ते दाखवतं. हे हिशेब डेटाबेसनुसार असतात. खात्यांनुसार बेरीज हवी असेल तर 'यूजर समरी' पाहा.
- मारियाडीबी: यासाठी लागणारा 'परफॉर्मन्स स्कीमा' इथे मुळात बंद असतो. कॉन्फिगरेशनमध्ये चालू करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. सुट्टीचा दिवस गाठा.
- पोस्टग्रेस: 'पीजी स्टॅट स्टेटमेंट्स' हे एक्स्टेन्शन. सुरुवातीला लोड करायच्या लायब्रऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घालून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, मग आपल्या डेटाबेसमध्ये ते तयार करायचं. खातं, डेटाबेस, किती वेळा, एकूण वेळ, हे सगळं एका ओळीत मिळतं. एकूण वेळेच्या स्तंभाचं नाव आवृत्ती १३ पासून 'टोटल एक्झेक टाइम' झालं आहे. जुन्या लेखांतली क्वेरी चालली नाही तर कारण बहुधा हेच.

हे आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे, किंवा शेवटचे शून्य केल्यापासूनचे असतात. तीन महिन्यांच्या बेरजेतून आज सकाळचं दुखणं कळत नाही. सकाळी साडेदहाला एकदा आणि साडेअकराला एकदा आकडे उतरवून घ्या आणि वजाबाकी करा. आकडे परस्पर शून्य करू नका. दुसरं कुणी त्यांच्याच आधारे हिशेब ठेवत असेल.

आरोपी की बळी?

आता तुमच्या हातात दहा-बारा क्वेऱ्या आहेत. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हिने काम किती केलं? वेळ शेजाऱ्यांमुळे वाढतो, पण तपासलेल्या ओळींची संख्या शेजारी वाढवू शकत नाहीत. मध्यरात्री तीन ओळी देण्यासाठी बारा लाख ओळी तपासणारी क्वेरी सकाळी अकरालाही तेवढ्याच तपासते. मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये 'रोज एक्झॅमिन्ड' आणि 'रोज सेंट' हे आकडे शेजारी-शेजारी असतात. पोस्टग्रेसमध्ये त्याऐवजी मेमरीतून आणि डिस्कवरून किती ब्लॉक वाचले ते पाहा. मेमरी आणि डिस्क यांतली वाटणी शेजाऱ्यांमुळे बदलते, म्हणून दोन्हींची बेरीज धरा.

- तपासलेल्या ओळी प्रचंड, दिलेल्या मूठभर: आरोपी. अपवाद बेरजा आणि सरासऱ्यांच्या क्वेऱ्यांचा. वर्षाची एकूण फी काढायला वर्षाच्या पावत्या पाहाव्याच लागतात. त्यांना 'ही बेरीज दिवसातून किती वेळा हवी?' हा प्रश्न विचारा.
- तपासलेल्या ओळी थोड्या, लॉकमध्ये गेलेला वेळ मोठा: बळी. हिला अडवणारा शोधा.
- ओळी थोड्या, लॉकही नाही, पण ठरावीक वेळीच मंद: हाही बळी. त्या दहा मिनिटांत आणखी काय चालू होतं ते पाहा. बॅकअप आणि रिपोर्टांच्या वेळा समोर ठेवा.
- एकेकदा ओळी थोड्या, पण दिवसात लाखो वेळा: पंखा. हिला गती द्यायची नसते, तिच्या फेऱ्या कमी करायच्या असतात. शंभर विद्यार्थ्यांची यादी दाखवताना प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी पाठवणारं पान ही याची नेहमीची जागा.

अडवणारा कसा सापडतो? मायएसक्यूएलमध्ये 'सिस'मधलं 'इनोडीबी लॉक वेट्स' हे दृश्य कोण कुणामुळे थांबलंय याची जोडी दाखवतं. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' या फंक्शनला थांबलेल्या प्रक्रियेचा क्रमांक द्या. अडवणाऱ्यांचे क्रमांक मिळतात. अडवणारा पुष्कळदा काहीच करत नसतो. मायएसक्यूएलमध्ये 'स्लीप', पोस्टग्रेसमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अशी त्याची स्थिती दिसते. कुणीतरी डेस्कटॉपवरच्या साधनात व्यवहार सुरू केला, एक ओळ बदलली आणि कमिट न करता चहाला गेला. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये ओळीच्या लॉकसाठी मुळात ५० सेकंद वाट पाहिली जाते, मग त्रुटी येते. पडदा मिनिटभर गोठून मग त्रुटीचा संदेश येतो, अशी तक्रार असेल तर इथेच पाहा.

दोषी सापडली. आता?

क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लावा. मायएसक्यूएलमध्ये 'टाइप'खाली 'ऑल' आणि 'की' रिकामी दिसली तर संपूर्ण टेबल पालथं घातलं जातंय. इंडेक्स असूनही हे होत असेल तर कारण बहुधा या तिघांपैकी एक:

- स्तंभाभोवती फंक्शन: पावतीच्या तारीख-वेळेतून आधी तारीख काढून मग तुलना केली, तर साधा इंडेक्स वापरता येत नाही. 'या दिवसापासून पुढच्या दिवसाच्या आधीपर्यंत' अशी अट लिहा.
- सुरुवातीलाच टक्केचिन्ह: 'लाइक'मध्ये शब्दाच्या आधी टक्केचिन्ह असेल तर नेहमीचा इंडेक्स निकामी. टेलिफोन डिरेक्टरीत शेवटच्या अक्षरावरून नाव शोधण्यासारखं आहे ते.
- प्रकार वेगळे: मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवलेला आणि तुलना अवतरणचिन्हाविना, म्हणजे संख्येशी. मायएसक्यूएल अशा वेळी इंडेक्स सोडून देतं. दोन अवतरणचिन्हांनी काम होतं.

'एक्स्प्लेन अॅनलाइझ' वापरताना जपा. ते क्वेरी खरोखर चालवतं. पोस्टग्रेसमध्ये ते डिलीटला लावलंत तर ओळी खरोखर पुसल्या जातात. आधी व्यवहार सुरू करा, पाहून झालं की रोलबॅक करा.

तुमच्यापुढचे पर्याय:

- इंडेक्स: सर्वांत स्वस्त, पण फुकट नाही, प्रत्येक नवी नोंद त्यामुळे थोडी महाग होते. पोस्टग्रेसमध्ये 'कन्करंटली' लिहून तयार करा, म्हणजे नोंदी अडत नाहीत. मायएसक्यूएलमध्येही गर्दीच्या वेळी करू नका. एखादा जुना व्यवहार उघडा असेल तर इंडेक्सची आज्ञा त्याच्यामागे थांबते आणि बाकीचे सगळे तिच्यामागे.
- वेळ बदलणं: रिपोर्ट सकाळी सातला चालवून त्याचा निकाल साठवून ठेवा. बऱ्याच रिपोर्टांना या क्षणाचा आकडा नकोच असतो.
- प्रतिकृती: रिपोर्टांसाठी डेटाबेसची वाचण्यापुरती वेगळी प्रत. खर्च आहे, देखभाल आहे. आधीचे दोन उपाय संपल्यावर.

चालू क्वेरी थांबवायची वेळ आली तर सौम्य उपायापासून सुरुवात करा. मायएसक्यूएलमध्ये 'किल क्वेरी' फक्त क्वेरी थांबवते, नुसतं 'किल' जोडणीच तोडतं. पोस्टग्रेसमध्ये आधी 'पीजी कॅन्सल बॅकएंड', नाइलाज झाला तर 'पीजी टर्मिनेट बॅकएंड'. मायएसक्यूएलमध्ये लाखो ओळी बदलणारी क्वेरी अर्ध्यात थांबवली तर केलेलं सगळं उलटं फिरवावं लागतं, आणि त्यालाही वेळ लागतो. तेवढ्यात वैतागून सर्व्हर बंद-चालू करू नका. उरलेलं उलटं फिरवणं सुरू झाल्यावरही करावंच लागतं. पोस्टग्रेसच्या एखाद्या प्रक्रियेवर लिनक्समधून 'किल उणे नऊ' तर कधीच चालवू नका. तिच्यासोबत सगळ्यांच्या जोडण्या तुटतात.

अधिकार, दोन्ही अर्थांनी

तांत्रिक अधिकार. मायएसक्यूएलमध्ये 'प्रोसेस' हा अधिकार नसेल तर यादीत फक्त तुमच्याच खात्याच्या क्वेऱ्या दिसतात. पोस्टग्रेसमध्ये इतरांच्या क्वेरीच्या जागी अधिकार नसल्याचा संदेश येतो. त्यासाठी कुणाचा मुख्य पासवर्ड मागू नका आणि देऊही नका. मायएसक्यूएलमध्ये पाहण्यापुरतं वेगळं खातं करून त्याला 'प्रोसेस', 'परफॉर्मन्स स्कीमा' व 'सिस' वाचण्याचा आणि 'सिस'मधली फंक्शन चालवण्याचा अधिकार द्या. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून 'पीजी मॉनिटर' ही तयार भूमिका याचसाठी आहे.

ग्राहक म्हणून अधिकार. सामायिक होस्टिंगवर शेजाऱ्यांच्या क्वेऱ्या तुम्हाला दिसणार नाहीत, आणि दिसूही नयेत. पण 'तुमच्या क्वेऱ्या जड आहेत' असं कुणी म्हणालं तर हे लेखी मागा:

१. क्वेरीचा मजकूर, तारीख आणि वेळ
२. लागलेला वेळ, लॉकमध्ये गेलेला वेळ, तपासलेल्या आणि दिलेल्या ओळी
३. तुमच्या योजनेतल्या मर्यादा: जोडण्या, सीपीयू, ताशी क्वेऱ्या
४. मर्यादा ओलांडल्यावर खातं मंद करतात की बंद, आणि पूर्वसूचना देतात का

दुसऱ्या मुद्द्यातले आकडे आले की आरोपी-बळीची कसोटी तुम्हीच लावू शकता. तोवर तुमच्या बाजूने जे दिसतं ते पाहा. पीएचपीमायअॅडमिनमध्ये तुमच्या चालू प्रक्रिया दिसतात. वर्डप्रेस असेल तर 'क्वेरी मॉनिटर' हे प्लगइन कोणत्या प्लगइनने कोणती क्वेरी पाठवली आणि तिला किती वेळ लागला ते सांगतं.

इतरांचे अधिकार. स्लो लॉगमध्ये क्वेऱ्या जशाच्या तशा असतात. म्हणजे रुग्णाचं नाव, खातेदाराचा मोबाइल क्रमांक, सगळं. ही फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. बाहेरच्या सल्लागाराला द्यायची तर साच्यांची बेरीज द्या आणि उदाहरणादाखल आलेल्या खऱ्या क्वेऱ्या काढून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार हा डेटा जपण्याची जबाबदारी तो गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून

- रिपोर्टच्या खात्याला वेळेची मर्यादा घाला. पोस्टग्रेसमध्ये 'स्टेटमेंट टाइमआउट' एकेका खात्यापुरता ठरवता येतो. मायएसक्यूएलमध्ये 'मॅक्स एक्झिक्यूशन टाइम' फक्त सिलेक्टला लागू होतो आणि मिलिसेकंदांत असतो. मारियाडीबीत 'मॅक्स स्टेटमेंट टाइम' सेकंदांत.
- प्रत्येक खात्याला जोडण्यांची कमाल संख्या ठरवून द्या, म्हणजे एकाने सगळ्या जोडण्या खाऊन टाकायला नकोत.
- पोस्टग्रेसमध्ये उघडे राहिलेले व्यवहार ठरावीक वेळेने बंद करणारं 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' लावा.
- बॅकअप आणि मोठ्या रिपोर्टांचं वेळापत्रक एका कागदावर लिहा आणि सगळ्या पुरवठादारांना द्या.

आणि रॅमचं काय?

मायएसक्यूएलमध्ये डेटा मेमरीत ठेवायच्या जागेचं, म्हणजे 'इनोडीबी बफर पूल साइज'चं मूळ माप १२८ मेगाबाइट असतं. ते कुणी वाढवलंच नसेल, तर नव्या रॅमचा फार थोडा भाग डेटाबेसच्या कामी येतो. माप वाढवलं असेल तर सगळं टेबल मेमरीत मावतं आणि बारा लाख ओळी डिस्कऐवजी मेमरीतून तपासल्या जातात. आठवडाभर बरं वाटतं ते यामुळे. पण क्वेरी बारा लाखच तपासत असते. प्रवेश सुरू होतात, टेबल वाढतं, मेमरी पुन्हा भरते आणि अकरा वाजता खिडकी पुन्हा ठप्प होते.

म्हणून पुढच्या बैठकीला कोटेशन नेण्याआधी पाच स्तंभांचा एक कागद न्या: खातं, क्वेरीचा साचा, किती वेळा, एकूण वेळ, तपासलेल्या आणि दिलेल्या ओळी. वरच्या पाच-सहा ओळी भरल्या तरी पुरे. तो कागद टेबलावर असेल तर 'आमचं काही नाही' म्हणणाऱ्यालाही एखाद्या ओळीवर बोट ठेवून बोलावं लागेल. रॅम घ्यायची की एक इंडेक्स पुरेल, हेही त्याच कागदावरून ठरेल.